सेट

सेट : इंग्रजी भाषेतील एक एकावयवी, अतिपरिचित व विलक्षण बहुअर्थी शब्द. क्रियापद, नाम व विशेषण या तिन्ही नात्यांनी तो वापरला जातो. ठेवणे, बसविणे, नेमणे, मांडणे, लावणे, घट्ट होणे, मावळणे, निघणे हे त्याचे क्रियापद म्हणून काही ठळक अर्थ होत. नाम म्हणून तो वस्तूंचा जुळता संच, टेनिसमधील डाव, नाटक-चित्रपटांतील उभारलेले दृश्य, बिनतारी ग्राहकयंत्र, गणितातील एक मूलभूत संकल्पना, उसाच्या बेण्याचा तुकडा, करवतीच्या दात्यांचा कल अशा परस्परांशी वरवर संबंध नसलेल्या गोष्टींचा वाचक ठरतो. विशेषण म्हणून ठरलेला, अढळ, साचेबंद असे त्याचे अर्थ होतात. अर्थांच्या या संख्येमुळे सेट हा शब्द कोशकार, अनुवादक, परिभाषाकार आणि यंत्राद्वारे भाषांतर करू पाहणारे संशोधक या सर्वांना एक कसोटीचा विषय वाटत आला आहे.

शब्दकोशांतील स्थान : सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) याने आपल्या १७५५ च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत काही लहानशा क्रियापदांविषयी त्रागा व्यक्त केला आहे. ही क्रियापदे इतक्या सैल व सर्वसाधारण अर्थांनी वापरली जातात, की त्यांच्या मूळ अर्थापासून निघालेल्या शाखांचा माग काढणे दुष्कर होते, असे त्याचे म्हणणे. त्याने उदाहरणादाखल दिलेल्या शब्दांत सेट आहे. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' या महाकोशाची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख संपादक जेम्स मरी (१८३७–१९१५) असले, तरी एस या अक्षराचा आरंभीचा भाग, म्हणजेच सेटची नोंदही, हेन्‍री ब्रॅडली (१८४५–१९२३) यांच्या वाट्याला आली. कोशाच्या १९८९ मधील वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत सेट या क्रियापदाची नोंद सर्वांत मोठी ठरली. तीत ४३० हून अधिक अर्थ असून तिची शब्दसंख्या सु. ६०,००० भरते. एका क्रियापदावरील नोंद एखाद्या छोटेखानी कादंबरीएवढी व्हावी, ही घटना कोशवाङ्‌मयात विरळाच म्हटली पाहिजे.

हा अग्रमान पुढे टिकला नाही. २००० पासून संगणकीय जालावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागलेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रथम 'मेक', नंतर 'पुट' आणि २०११ मध्ये 'रन' या क्रियापदाची नोंद सेटपेक्षा मोठी झाली. 'रन'चे क्रियापद म्हणून ६४५ अर्थ देण्यात आले. ही नोंद सिद्ध करण्यास पीटर गिलिव्हर या कोशकारास सु. नऊ महिने लागले. औद्योगिक क्रांतीनंतर यंत्रे, आगगाड्या, कारखाने आणि अखेर संगणकावरील आज्ञावली या सर्वांना 'रन' हेच क्रियापद लागू झाल्याने त्याचा विस्तार झाला. मराठीत याच कामी धावणे निरुपयोगी ठरते. यंत्र चालते, दुकान चालविले जाते, खटलाही चालतो. म्हणजे इंग्रजी जेथे धावते तेथे मराठी चालते.

अर्थांची अशी गणना मात्र बेताने स्वीकारली पाहिजे. शब्दाचे अर्थ हे पिशवीतील गोट्यांसारखे मोजून दाखविता येत नाहीत. टेबल मांडणे आणि सापळा मांडणे हे दोन अर्थ की एकाच अर्थाचे दोन उपयोग, याचा निर्णय कोशकाराच्या धोरणावर अवलंबून असतो. काही कोशकार सूक्ष्म भेद करीत जातात, तर काही जवळचे अर्थ एकत्र बांधतात. शिवाय महाकोशात लुप्त झालेले अर्थ आणि इतर अव्ययांशी जोडून होणारे वाक्प्रयोगही धरलेले असतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून तयार होऊ लागलेल्या 'वर्डनेट' या शब्दजालात सेटचे क्रियापद, नाम व विशेषण मिळून सर्व अर्थ पन्नासांहून कमी आहेत. तेव्हा ४३० हा आकडा शब्दाइतकाच कोशाच्या घडणीचाही निदर्शक होय. [→ शब्दकोश]

व्युत्पत्ती : आज एकच दिसणाऱ्या या शब्दात निदान दोन भिन्न कुळींचे शब्द मिसळले आहेत. क्रियापद हे प्राचीन इंग्रजीतील 'सेट्टन' यापासून आले. ते बसणे या अर्थाच्या धातूचे प्रयोजक रूप असून त्याचा मूळ अर्थ 'बसावयास लावणे', अर्थात बसविणे, असा आहे. इंग्रजीतील 'सिट' आणि 'सेट' यांचे नाते म्हणजे मराठीतील बसणे आणि बसविणे यांचे नाते होय. या दोहोंच्या मुळाशी असलेला इंडो-यूरोपीय धातू संस्कृतात सद् या रूपाने आढळतो. सदन, संसद, परिषद, सभासद, उपनिषद हे शब्द त्याच धातूचे. इंग्रजीतील 'सॅडल' (खोगीर) आणि लॅटिनमार्गे आलेले 'सेशन' (बैठक) व 'सेडिमेंट' (गाळ) हेही त्याच गोतावळ्यातील होत. काजळीला इंग्रजीत 'सूट' म्हणतात, तेही ती खाली बसते म्हणूनच. मराठी बसणे मात्र या धातूपासून निघालेले नाही. ते संस्कृत उपविश् पासून प्राकृतातून उतरले आहे. त्यामुळे बसविणे व सेट यांच्यात जे अर्थसाम्य पुढे दाखविले आहे, ते वंशपरंपरेने आलेले नसून दोन भाषांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रवासाचे फलित होय.

'समूह' या अर्थाचे नाम निराळ्या उगमाचे आहे. लॅटिन 'सेक्टा' (अनुयायांचा पंथ) या शब्दाचे प्राचीन फ्रेंचमधील एक रूप इंग्रजीत आले व ते उच्चारसाम्यामुळे क्रियापदावरून बनलेल्या नामात मिसळून गेले. 'सेक्टा'चा संबंध कापणे या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडण्याची चूक पुष्कळदा होते. वस्तुतः तो मागोमाग जाणे, अनुसरणे या अर्थाच्या धातूपासून झालेला आहे. त्याच धातूचे संस्कृत भावंड सच् (सोबत असणे) असून सचिव हा शब्द त्यापासून बनला. पत्त्यांतील रंगाला आणि अंगावरच्या कपड्यांच्या जोडीला इंग्रजीत एकच नाव आहे, तेही याच 'अनुसरण्या'च्या कल्पनेतून निघाले. अशा रीतीने सदन आणि सचिव यांचे दूरचे सगेसोयरे इंग्रजीत एका अवयवाच्या शब्दात एकत्र नांदत आहेत. मराठी संच आणि इंग्रजी सेट यांचे ध्वनिसादृश्य मात्र निव्वळ योगायोगाचे आहे. संच हा शब्द सम् + चि (गोळा करणे) यापासून आला.

एका शब्दाचे अर्थ फाकत जाणे ही अनेकार्थता आणि भिन्न शब्द उच्चाराने एकरूप होणे ही समरूपता, असा भेद भाषाशास्त्रात करतात. अनेकार्थतेसाठी आज रूढ असलेली पाश्चात्त्य संज्ञा मीशेल ब्रेआल (१८३२–१९१५) या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थविचारावरील ग्रंथात रूढ केली. सेटच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार इतके गुंतलेले आहेत, की काही नामांविषयी ती कोणत्या कुळातली, हे निश्चित करणे अवघड जाते. सामान्य इंग्रजी भाषकाला अर्थातच हा भेद जाणवत नाही.

अर्थविस्तार : बसविणे या मूळ कल्पनेपासून अर्थ कसे वाढत गेले हे मराठी वाचकास आपल्या भाषेवरून सहज उमगते. सोनार कोंदणात खडा बसवितो, हाडवैद्य निखळलेले हाड बसवितो, शेतकऱ्याच्या घरी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवितात. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत सेटच येते. दोन्ही भाषांत मूळ अर्थाची वाढ तीन वाटांनी झाली. वस्तू योग्य जागी ठेवणे, ही पहिली. जागी ठेवलेली वस्तू हलू न देणे, अर्थात निश्चित करणे, ही दुसरी. हिच्यातून किंमत ठरविणे, दिवस नेमणे, मर्यादा घालणे, काम नेमून देणे हे अर्थ निघाले. वस्तू आपोआप स्थिर होणे, ही तिसरी, व तिच्यातून पातळ पदार्थ थिजणे, फळ धरणे, चेहऱ्यावरील भाव ताठरणे इ. अर्थ आले. पहिल्या दोन वाटांवर क्रियापद सकर्मक असते, तिसरीवर अकर्मक.

तथापि दोन भाषा सर्वत्र बरोबर चालत नाहीत. मराठीत नाटक बसवितात व कर बसवितात. इंग्रजी सेट तेथे येत नाही. उलट इंग्रजीत जेथे सेट येते तेथे मराठीला निरनिराळी क्रियापदे लागतात. घड्याळ, सापळा, आग आणि गीताची चाल लावली जाते. ताटे मांडली जातात. प्रश्नपत्रिका काढली जाते. अट घातली जाते. उदाहरण घालून दिले जाते. विक्रम प्रस्थापित होतो. यांतील अनेक प्रयोग लावणे या क्रियापदाकडे गेले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण मराठीतील लावणे हे अनेकार्थतेत सेटपेक्षा फारसे मागे नाही. दिवा लावला म्हणजे तो पेटतो, पण दार लावले म्हणजे ते बंद होते. झाड लावतात, विरजण लावतात, शिकवणी लावतात, लग्न लावतात आणि वाक्याचा अर्थही लावतात. मराठी शिकणाऱ्या इंग्रजी भाषकाची जी तारांबळ येथे उडते, तीच सेटपाशी मराठी विद्यार्थ्याची उडते.

सूर्यास्ताचा वाचक म्हणून या शब्दाचा उपयोग वेगळ्या कारणाने लक्षणीय आहे. प्राचीन इंग्रजीत सूर्यास्ताला 'आसनाकडे जाणे' अशा अर्थाचा सामासिक शब्द होता. दिवसभर फिरलेला सूर्य संध्याकाळी आपल्या आसनावर जाऊन टेकतो, ही त्यामागील कल्पना. संस्कृतात अस्त या शब्दाचा वैदिक अर्थ घर असा असून सूर्य अस्तास जातो म्हणजे घरी जातो. मराठीत तो मावळतो किंवा बुडतोही.

स्थिर करणारे हेच क्रियापद गतीचा आरंभही दर्शविते, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. प्रवासास निघणे, शीड उभारून गलबत हाकारणे, स्फोट घडवून आणणे या सर्वांना सेट लागते. स्वतःस वाटेवर 'ठेवणे', तोंड एका दिशेस 'लावणे' या प्रयोगांतील कर्म कालांतराने गळाले आणि उरलेले क्रियापद निघणे या अर्थी रूढ झाले, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. सेटला जोडून येणाऱ्या अव्ययांनी अर्थांची संख्या आणखी वाढते. 'सेट ऑफ' या एकाच जोडीचे प्रवासास निघणे, फटाका उडविणे, एका रंगाने दुसरा रंग खुलविणे आणि एका रकमेतून दुसरी रक्कम वजा धरणे असे चार अर्थ होतात. 'ऑफ'ऐवजी 'अप' घातले तर उभारणी, 'बॅक' घातले तर पीछेहाट, 'असाइड' घातले तर बाजूस सारणे. यात भर म्हणजे वर्तमान, भूत व भूतकृदन्त या तिन्ही ठिकाणी या क्रियापदाचे रूप एकच राहते. त्यामुळे काळाचा बोधही पुष्कळदा आजूबाजूच्या शब्दांवरूनच करून घ्यावा लागतो.

नामाचे अर्थ : अनुसरणाच्या कल्पनेतून आलेले नाम परस्परांना साजेशा वस्तूंच्या किंवा व्यक्तींच्या समूहास लागते. कपबशांचा, हत्यारांचा, ग्रंथांच्या खंडांचा सेट असतो. तसाच उच्चभ्रू मंडळींच्या कंपूलाही सेट म्हणतात. रेडिओच्या आरंभकाळी निरनिराळी उपकरणे एकत्र जोडून बिनतारी संदेश ग्रहण केले जात. त्या उपकरणसंचाला मिळालेले नाव, सर्व भाग एका पेटीत बंदिस्त झाल्यावरही कायम राहिले व पुढे दूरचित्रवाणी ग्राहकासही लागू झाले. टेनिसमध्ये किमान सहा गेम जिंकून पुरेशी आघाडी मिळविल्यास सेट पूर्ण होतो. व्हॉलीबॉलमध्ये तर हा शब्द एकाच खेळात दोनदा येतो : पंचवीस गुणांचा डाव हाही सेट आणि फटकेबाजासाठी चेंडू जाळ्याजवळ उंच उचलून देणे हेही सेट. नाटकातील सेट मात्र उभारणे या क्रियेवरून आलेला आहे. मराठी रंगभूमीवर रंगविलेल्या पडद्यांची परंपरा बराच काळ होती. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकाने वास्तववादी नेपथ्याकडे वळण्याचा प्रयत्न केला. नेपथ्य हा शब्द मराठीत आज रूढ असला, तरी संस्कृत नाट्यशास्त्रात तो वेशभूषा व पडद्यामागील जागा यांचा वाचक होता, म्हणजे त्याचाही अर्थ सरकला आहे. चित्रपटाच्या क्षेत्रात सेट हाच शब्द चालतो.

व्यवसायांतील अर्थ : निरनिराळ्या धंद्यांनी सेटला आपापला नेमका अर्थ दिला आहे. मुद्रणात खिळे जुळविणे ही क्रिया सेटने दर्शविली जाते. शिवाय ओतीव खिळ्याच्या अंगाच्या रुंदीसही सेट म्हणतात. करवतीचे दाते आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वाकवितात, त्यामुळे लाकडातील चीर पात्यापेक्षा रुंद पडते व करवत अडकत नाही. दात्यांच्या या वाकण्यास सेट हे नाव आहे. शिकारीचा मागमूस लागताच दबून स्थिर राहणाऱ्या कुत्र्यांच्या जातीला सेटर म्हणतात. शेवटी टी हे अक्षर दुप्पट लिहून बिजू या प्राण्याचे बीळ, फरसबंदीचा घडीव दगड, कापडातील धाग्यांची दाटी आणि उसाच्या लागवडीचा तुकडा असे आणखी अर्थ होतात. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला यांतील शेवटचा अर्थ बेणे किंवा टिपरी या नावाने परिचित आहे. डोळे शाबूत असलेली टिपरी जमिनीत लावली असता डोळ्यांतून नवे कोंब फुटतात.

सिमेंटच्या बाबतीत या शब्दाच्या अर्थाकडे दुर्लक्ष झाल्यास त्याचे परिणाम भोगावे लागतात. पाणी मिसळलेले सिमेंट आपला लवचिकपणा गमावून आकार धरू लागते, या अवस्थेला सेटिंग म्हणतात. त्यानंतर ते दीर्घकाळ बळकट होत जाते, त्यास हार्डनिंग म्हणतात. सामान्य पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानकानुसार आरंभीचे सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये व अखेरचे ६०० मिनिटांच्या आत पूर्ण झाले पाहिजे. ते व्हिकाच्या सुईने तपासतात. सिमेंट दळताना जिप्सम घातले जाते ते हे सेटिंग लांबविण्यासाठीच. एरवी पाणी पडताच मिश्रण आवळून बसेल. बळकटीची प्रमाणभूत चाचणी मात्र अठ्ठाविसाव्या दिवशी घेतात. मराठीत या दोन्ही अवस्थांना सरसकट 'घट्ट होणे' म्हटले की आकार धरलेले काँक्रीट भार पेलण्यास समर्थ झाले, असा समज होण्याचा संभव असतो. साचे व टेकू अकाली काढण्यातील धोका तो हाच. म्हणून 'आकार धरणे' व 'बळकट होणे' असे दोन निराळे शब्दप्रयोग योजणे इष्ट होय.

गणित व मानसशास्त्र : गेओर्ग कँटर (१८४५–१९१८) या जर्मन गणितज्ञाने अनंत समूहांचा सिद्धांत मांडला. त्यासाठी त्याने जर्मनमध्ये आधी इतर शब्द वापरून अखेर 'मेंगे' (राशी, समूह) हा शब्द स्थिर केला. फ्रेंचांनी 'आंसांब्ल' हा शब्द घेतला. इंग्रजीत मात्र बराच काळ एकमत नव्हते. बर्ट्रंड रसेल 'क्लास' हा शब्द वापरीत, तर कँटरच्या ग्रंथाच्या १९१५ मधील इंग्रजी भाषांतरात 'ॲग्रिगेट' हा शब्द आहे. पुढे सेट रूढ झाला तो त्याच्या आटोपशीरपणामुळे असावा. पण त्यामुळे विद्यार्थ्यांपुढे एक अडचण उभी राहते. व्यवहारातील सेटमध्ये वस्तू परस्परांना साजेशा असाव्या लागतात, गणितातील सेटमध्ये तशी अट नाही. अमुक घटक त्यात आहे की नाही, एवढे निश्चित सांगता आले म्हणजे पुरे. घटकांचा क्रम किंवा त्यांची पुनरुक्ती यांना तेथे महत्त्व नाही. एकच घटक असलेला, किंवा एकही घटक नसलेला सेट व्यवहारात हास्यास्पद ठरेल, गणितात तो अपरिहार्य आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत यासाठी संच व हिंदीत समुच्चय हा शब्द योजतात. संच हा शब्दही व्यवहारातीलच असल्याने रिक्त संच ही कल्पना मराठी मुलालाही तितकीच खटकते. परिभाषाकाराने नवा संस्कृतोद्‌भव शब्द घडविला असता तर ही अडचण टळली असती, पण शब्द बोजड झाला असता. संच हीच निवड अधिक शहाणपणाची वाटते.

मानसशास्त्रात सेट म्हणजे एखाद्या प्रश्नास विशिष्ट रीतीनेच सामोरे जाण्याची मनाची पूर्वसिद्धता. अब्राहम लूचिन्झ यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाण्याची भांडी वापरून ठरावीक माप काढण्याची एक लांबची रीत सवयीची झालेले लोक, सोपी रीत समोर असतानाही लांबचीच वापरीत राहतात, असे दिसून आले.

कायद्यातील अर्थ : विधिक्षेत्रात सेटच्या जोडशब्दांतील भेद माणसाच्या मालमत्तेशी आणि स्वातंत्र्याशी निगडित असतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ९, नियम १३ अन्वये प्रतिवादीस त्याच्याविरुद्ध झालेला एकतर्फी हुकूमनामा 'सेट असाइड' करण्यासाठी अर्ज करता येतो. येथे रद्द करणे हा अर्थ आहे. त्याच संहितेतील आदेश ८, नियम ६ मध्ये 'सेट ऑफ' येते. पैशाच्या दाव्यात वादीकडून स्वतःस येणे असलेली निश्चित रक्कम प्रतिवादी दाव्याच्या रकमेतून वळती करून मागू शकतो. येथे वजावट हा अर्थ आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ नुसार तपास, चौकशी वा खटला चालू असताना आरोपीने कोठडीत घालविलेला काळ त्याच्या कारावासाच्या शिक्षेतून वजा धरला जाई. ही संहिता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बदलली, परंतु वजावटीचे तत्त्व नव्या संहितेतही कायम आहे. खटला लांबल्यामुळे वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने या एका शब्दाचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको. शिक्षा 'सेट असाइड' झाली तर ती उरतच नाही. कैदेचा काळ 'सेट ऑफ' झाला तर शिक्षा कायम राहून तिचा भोगावयाचा भाग तेवढा कमी होतो. आणि कैद्यास 'सेट ॲट लिबर्टी' केले म्हणजे तो प्रत्यक्ष सुटतो. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांत मराठीचा वापर होत असल्याने रद्द करणे, वजावट आणि मुक्तता या तीन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या राखणे भाषांतरकारास बंधनकारक ठरते. बोलभाषेतील 'शिक्षा माफ झाली' हा प्रयोग या तिन्हींना लावला जातो, व पक्षकारांचे गैरसमज बहुधा त्यातूनच उद्‌भवतात.

अर्थनिश्चिती : इतके अर्थ असूनही इंग्रजी भाषक सेट ऐकून गोंधळत नाही. कारण शब्द एकटा येत नाही. या प्रश्नाचा विचार भारतीय व्याकरणपरंपरेत फार पूर्वी झाला होता. भर्तृहरी (इ. स. चे सु. पाचवे शतक) याने वाक्यपदीयात अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरविणारी साधने सांगितली आहेत. त्यांत साहचर्य, विरोध, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश व काल इत्यादींचा समावेश होतो. सैंधव या शब्दाचे मीठ व घोडा असे दोन्ही अर्थ होतात. जेवणाच्या वेळी सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाच्या वेळी मागितले तर घोडा, हे याचे परंपरागत उदाहरण होय. सेटला हीच साधने तंतोतंत लागू पडतात. सूर्याच्या साहचर्याने तो अस्त होतो, हाडाच्या साहचर्याने उपचार, टेनिसच्या प्रकरणात डाव. अमरकोशातील नानार्थवर्ग आणि हेमचंद्राचा अनेकार्थसंग्रह पाहता अशा शब्दांचे कोश करण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे.

अधिक वापरातील शब्दांचे अर्थही अधिक असतात, असे जॉर्ज झिफ (१९०२–५०) याने १९४५ मध्ये दाखविले. त्याच्या मते अर्थांची संख्या ही शब्दाच्या वापराच्या वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता आणि अर्थबाहुल्य ही एकमेकांस पोसतात. हाताशी असलेला शब्द नव्या कामी लावला जातो, आणि नव्या कामामुळे तो अधिकच हाताशी येतो.

माणसाला सहजसाध्य असलेली ही निवड यंत्राला मात्र फार जड गेली. वॉरन वीव्हर याने १९४९ च्या आपल्या टिपणात शब्दाच्या दोन्ही बाजूंचे काही शब्द पाहू दिल्यास यंत्रास अर्थ ठरविता येईल, अशी आशा प्रकट केली. यहोशुआ बार-हिलेल याने १९६० मध्ये तिला आक्षेप घेतला. लेखणी व लहान मुलांचे कुंपण असे दोन्ही अर्थ असलेल्या 'पेन' या शब्दाचे उदाहरण देऊन, वस्तूंच्या आकाराविषयीचे व्यावहारिक ज्ञान नसेल तर शेजारचे शब्द पुरेसे नाहीत, असे त्याने प्रतिपादिले. पुढे प्रचंड लिखित सामग्रीवरून शब्दांचे साहचर्य मोजण्याच्या पद्धती निघाल्या, आणि एकविसाव्या शतकातील संगणकीय प्रतिमाने प्रत्येक वाक्यागणिक शब्दाचे निराळे गणिती वर्णन तयार करू लागली. त्यामुळे वीव्हरची आशा बरीचशी फलद्रूप झाली, असे म्हणता येते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मराठी शब्दजालाचेही काम झाले आहे. परंतु मराठीतील उपलब्ध सामग्री इंग्रजीच्या मानाने फार थोडी असल्याने लावणे, बसणे, काढणे यांसारख्या क्रियापदांचे अर्थ ओळखण्यात यंत्रे अधिक चुकतात. [→ अर्थविचार]

मराठीतील सेट : हा शब्द मराठीत आला तो आपले सगळे अर्थ घेऊन आलेला नाही. चित्रपटाचा सेट, टेनिसचा सेट, डब्यांचा वा दागिन्यांचा सेट असे नामार्थ तेवढे रुळले. दागिन्यांच्या बाबतीत गळ्यातील व कानांतील अलंकार एका घडणीचे असल्याचा बोध त्यातून होतो. क्रियापद म्हणून तो होणे व करणे यांच्या आधाराने येतो. एखादा तरुण नोकरीत 'सेट झाला' असे म्हणतात, तेव्हा तेथे वास्तविक 'सेटल' हा दुसराच इंग्रजी शब्द आखूड होऊन आलेला असतो. तोही त्याच 'बसण्या'च्या मुळाचा असल्याने अर्थ बिघडत नाही. 'सेटिंग' या शब्दाला मराठी बोलीत आडमार्गाने केलेली जुळवाजुळव असा, इंग्रजीत नसलेला, अर्थ चिकटला आहे. शेट (संस्कृत श्रेष्ठिन्) या जुन्या शब्दाशी सेटचा काहीही संबंध नाही. यांखेरीज महाविद्यालयीन अध्यापकपदासाठी घेतल्या जाणाऱ्या राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासूनही सेट हाच शब्द तयार झाला असून, महाराष्ट्रातील पदव्युत्तर विद्यार्थी 'सेट झाली का' असे विचारतो तेव्हा त्याला तीच परीक्षा अभिप्रेत असते. तेथे क्रियापद स्त्रीलिंगी येते, आणि पुल्लिंगी सेटहून तो शब्द निराळा आहे हे तेवढ्यावरून कळते.